सोसायटी ग्रुप: हजार कागदी करकोचे, स्पॉन्सर आणि रत्नागिरीतला ऑगस्ट

सचिव: ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाला मुलांनी १००० करकोचे करायचे, पक्ष्यांमागे स्पॉन्सर मिळवायचे आणि जमलेले पैसे अण्वस्त्रविरोधी प्रचाराला द्यायचे, एवढं मीटिंगमध्ये ठरलं. कागद, हिशेब आणि पैसे कोणाला, हे इथे मिटवू. गुड मॉर्निंगचे फोटो आज नकोत.

बी-२०४: झेरॉक्सचा ७५ जीएसएम (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-४ पुरतो. लांबीत ३ आणि रुंदीत २ असा कापला की ९.९ सेंमीचे ६ चौकोन निघतात, कडेला १२ मिमीची पट्टी वाया जाते. १००० पक्ष्यांना १६७ कागद. नासधूस धरून २०० घ्या.

ए-३०१ काकू: मुलांना रंगीत हवेत. पतंगाचा कागद आणू?

बी-२०४: नको काकू. ओलसर बोटांना त्याचा रंग लागतो आणि घडी धरत नाही. रंगीत झेरॉक्स कागद आणा. चकचकीत गिफ्ट पेपरला घडीवर पांढरी रेघ फुटते. कॅलेंडरचा कागद तर विसराच, एवढ्या लहान चौकोनात त्याची चोच होत नाही.

ए-१०३: ऑगस्टात? ओल्या कागदाचे पक्षी नाय, घावणे होतले.

बी-२०४: काका, खरा मुद्दा तोच आहे. दमट हवेत कागद पाणी ओढतो आणि दाबलेली घडी हळूहळू उघडते. शिवाय कागद लांबी-रुंदीत सारखा फुगत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. आज कापलेला चौकोन चार दिवस उघडा राहिला तर चौकोन राहत नाही. म्हणून रीमचं वेष्टन कापायच्या दिवशीच फोडायचं. कापलेले चौकोन घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पंख्याखाली कागद पसरून काही मिळत नाही, हवाच ओली असते.

बी-१०२: कापायचे कात्रीने?

बी-२०४: कात्रीने नाही. स्टीलची पट्टी आणि कटर, एका वेळी १० कागद. किंवा झेरॉक्सवाल्याकडच्या कटिंग मशीनवर एकदम. प्रत्येक गठ्ठ्यातला एक चौकोन कर्णावर दुमडून बघा. टोकं १ मिमीपेक्षा जास्त चुकली तर तो गठ्ठा होड्यांना द्या.

ए-४०२ वहिनी: शिकवायचं कोणी? व्हिडिओ बघून मुलं अर्ध्यात अडकतात.

बी-२०४: अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. दोन्ही कर्ण एका बाजूने दुमडायचे, मग कागद उलटून दोन्ही मधल्या घड्या. उलटायचं विसरलं की कागद छोट्या चौकोनात आपोआप मिटत नाही, आणि जबरदस्ती केली की चुरगळतो. पुढे चौकोनाचं उघडं टोक, म्हणजे कागदाचे चारही कोपरे जिथे येतात ते, आपल्याकडे हवं. बंद टोक खाली ठेवून घड्या घातल्या तर वरचा पदर उचलताच येत नाही. दहातली सात मुलं इथेच "होत नाही" म्हणतात.
उघड्या टोकाच्या दोन्ही कडा मधल्या रेघेवर आणायच्या, वरचा त्रिकोण खाली दाबायचा, सगळं उलगडायचं आणि मग वरचा एकच पदर खालच्या टोकाला धरून वर न्यायचा. मागे तसंच. आता खाली दोन पाय दिसतात. ते अरुंद करताना कडा मधल्या रेघेला चिकटवू नका, अर्धा मिमी जागा सोडा. नाहीतर पाय आत उलटून वर घेताना, म्हणजे मान आणि शेपूट करताना, कागद तटतो आणि टोक फाटतं. ७५ जीएसएमला हे हमखास होतं.

ए-४०२ वहिनी: आणि वेळ?

बी-२०४: हात बसल्यावर ३ मिनिटांना एक. १००० म्हणजे ५० तास. २० जण बसले तर प्रत्येकी अडीच तास. नवशिक्यांना तिप्पट धरा, म्हणून एका संध्याकाळीच उरकू नका.

ए-३०१ काकू: पंख शेवटी उघडायचे ना?

बी-२०४: माळेसाठी उघडूच नका. मिटलेले पक्षी एकावर एक नीट बसतात. २५ माळा, प्रत्येकी ४०, ही जपानमधली रूढ पद्धत. सुई पोटाखालच्या भोकातून घालून पाठीच्या मधल्या टोकातून काढायची. तळाला बटण. दोरा सुती नको, बुरशी धरतो. मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) घ्या, पण त्याची साधी गाठ सुटते; दोनदा फिरवून बांधा. सुया आदल्या दिवशी टोचून ठेवू नका, खाऱ्या हवेत गंजतात आणि डाग पडतो.

खजिनदार: आता पैशाचं. दर पक्ष्यामागे ५ रुपये असं तोंडी ठरवलं की भांडण ठरलेलं. पोरगं उत्साहात २०० करतं आणि शेजारचे काका १००० रुपये ऐकून गप्प होतात. म्हणून स्पॉन्सर माळेचा. ४० पक्षी, २०० रुपये. प्रत्येक माळेला तीन स्पॉन्सर मिळाले तरी २५ माळांचे १५,००० होतात. चिठ्ठीवर एवढंच: "___ च्या एका माळेसाठी ___ रुपये. पक्षी कमी झाले तर त्या प्रमाणात. जास्तीत जास्त ___ रुपये." चोच, शेपूट आणि दोन पंख असले की पक्षी मोजायचा. वाकड्या मानेवर वाद नको.

बी-१०२: मेंटेनन्सच्या खात्यात घेऊया का?

खजिनदार: अजिबात नाही, ऑडिटला डोकेदुखी. माझ्या यूपीआयवरही नको. स्पॉन्सरने थेट ज्या अण्वस्त्रविरोधी संस्थेला पैसे द्यायचे तिच्या खात्यात भरायचे आणि व्यवहार क्रमांक मला पाठवायचा. संस्था नोंदणीकृत हवी. देणगीवरच्या करसवलतीची पावती हवी असेल तर पॅन द्यावा लागेल, २००० रुपयांवर रोख चालत नाही, आणि सवलत जुनी करप्रणाली घेणाऱ्यांनाच. सोसायटीबाहेर, बाजारपेठेत डबा फिरवायचा असेल तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणपतीची मंडळं काढतात तीच. आणि ही वर्गणी गणपतीच्या वर्गणीत मिसळू नका, लोक दोन्हीकडे हात आखडतात.

ए-४०२ वहिनी: अमेरिकेतल्या भावाला सांगू का?

खजिनदार: पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर हरकत नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी; एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही.

ए-१०३: माका एकच सांगा, ह्या जैतापूरविरुद्ध असा काय? मग माझी माळ नको.

सचिव: नाही काका. हे अण्वस्त्रांबद्दल आहे, जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाबद्दल नाही. संयुक्त राष्ट्रांचा अण्वस्त्रबंदी करार २०१७ साली मंजूर झाला, २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यात अणुऊर्जेच्या शांततामय वापराला बंदी नाही. भारत त्या करारात नाही, हेही स्पॉन्सरला आधी सांगायचं. नंतर कळलं की लोक चिडतात. आणि स्मरणाला कोणाची हरकत नसावी, ऑगस्टमध्ये लोकसभाही हिरोशिमा-नागासाकीसाठी मौन पाळते.

बी-१०२: (फॉरवर्ड) हिरोशिमाच्या आजारी सदाकोचे १००० पैकी ६४४ पक्षी झाले आणि ती गेली. उरलेले मैत्रिणींनी केले. सर्वांना पाठवा.

बी-२०४: हे चिठ्ठीवर छापू नका. सदाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा २ वर्षांची होती, रक्ताच्या कर्करोगाने २५ ऑक्टोबर १९५५ ला गेली, वय १२. पण तिने १००० पूर्ण केले होते, असं तिच्या भावाने सांगितलं आहे. ६४४ चा आकडा गोष्टीतला. छापायचंच तर हे छापा: तिच्या वर्गमित्रांनी सुरुवात केली, देशभरच्या शाळांतून निधी जमला आणि ५ मे १९५८ ला हिरोशिमात मुलांचं शांतता स्मारक उभं राहिलं.

ए-३०१ काकू: मग आपल्या माळा तिकडेच पाठवूया ना!

खजिनदार: काकू, तिथे दरवर्षी सुमारे १ कोटी पक्षी येतात, वजन १० टनांवर. आपले पाऊण किलोच, पण परदेशी पार्सलच्या खर्चात दोन-चार माळांचे पैसे जातील. त्यापेक्षा वाचनालयात लावू, जिन्यात नको. जिन्यात पावसाची झड येते.

सचिव: ठीक. संस्थेचं नाव आणि खातं समिती रविवारपर्यंत टाकेल, तोवर कोणी पैसे मागू नयेत. कटिंगला कोण जातंय?

ए-१०३: मी जातंय. तंगूस पण आणतंय, ०.३ मिमीचो चलात?

बी-२०४: चालेल काका. सुईचं भोक बघून घ्या.