जामीन मंजूर, पण जामीनदार नाही: ऐपतीची अट काढावी का?

रानजाई:
राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले बंदी, होते. त्यांतील एका गटाचे आत असणे मला कोणत्याही तर्काने पटत नाही. न्यायालयाने त्यांना जामीन मंजूर केलेला असतो, परंतु स्थानिक जामीनदार किंवा त्याच्या ऐपतीचा दाखला मिळत नाही, एवढ्याच कारणाने ते बाहेर येत नाहीत. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात एका गवंड्याकडून दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि सख्खा भाऊ पुढे आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच या पद्धतीवर कठोर टीका केली होती. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत जातमुचलका, म्हणजे जामीनदाराशिवाय आरोपीच्या स्वतःच्या लेखी हमीवर सुटका, हाच नियम असावा आणि जामीनदार मागायचा असल्यास न्यायालयाने त्याची लेखी कारणे द्यावीत, असे माझे म्हणणे आहे.

कोतवालचावडी:
आपण फिर्यादीचा विचारच केलेला नाही. आरोपी तारखांना येईनासा झाला की वॉरंटे निघत राहतात, खटला जागीच थांबतो, आणि साक्षीदार सापडेनासे होतात. गावातला जामीनदार असला की आरोपीवर कोणाची तरी नजर राहते. शिवाय सात वर्षांच्या मर्यादेत फसवणूकही येते आणि पतीकडून होणारा छळही येतो. तक्रार करणाऱ्या स्त्रीला आपण काय सांगणार?

रानजाई:
तिला हेच सांगेन की जामीनदारामुळे तिचे रक्षण होत नाही. आरोपीने तिच्या घराकडे फिरकू नये, संपर्क साधू नये आणि अट मोडल्यास जामीन रद्द व्हावा, हे तिच्या उपयोगाचे आहे. राहिली नजर ठेवण्याची गोष्ट. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार आणि त्यांची बनावट कागदपत्रे हा प्रकार वकिली करणाऱ्या कोणालाही नवा नाही. तो भाड्याचा माणूस कोणावर नजर ठेवणार? जामिनावर सुटून हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहेच, त्याचा वापर करावा.

ताम्रपर्ण:
दोघेही कायदा बदलण्याच्या गोष्टी करत आहात, पण आहे तो तरी कुठे पाळला जातो? सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले की जामिनानंतर सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे आणि महिनाभरात हमीपत्र सादर झाले नाही तर न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार आपणहून करावा. हे कटाक्षाने झाले तर रानजाई यांच्या मागणीतले निम्मे काम होते. माझा आक्षेप वेगळा आहे. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यावर सोडण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४७९ मध्ये आली, तिचा गाजावाजा झाला. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्यांना वगळले. तीन किरकोळ चोऱ्यांचे आरोप असलेला फिरस्ता नेमका इथेच अडकतो. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याबद्दल तर बोलायलाच नको, कारण तिथे कलम ४३ड(५) मुळे जामीनच दुरापास्त असतो. याच कायद्याखाली अटक झालेले आदिवासी हक्कांचे कार्यकर्ते, ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले, तोवर त्यांचा खटला सुरूही झाला नव्हता.

कोतवालचावडी:
यूएपीएचा वाद वेगळा आहे, तो इथे मिसळू नये. पोटकलमाबाबतही मी सहमत नाही, कारण तीन गुन्हे दाखल असलेल्याला पहिल्यांदा आरोपी झालेल्याच्या पंगतीला कसे बसवायचे? जातमुचलका मात्र तीन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत मला मान्य आहे. अट एवढीच की पत्त्याची पोलिसांनी पडताळणी करावी आणि एकही तारीख विनाकारण चुकली तर जामीनदार द्यावाच लागेल.

रानजाई:
तारखेची अट मला मान्य आहे. पण ज्याला पत्ताच नाही, अशा पदपथावर राहणाऱ्या मजुराची पडताळणी पोलिसांनी कुठे जाऊन करायची, तेवढे सांगा.