पॉइंट टू टूची टंचाई: हौशी नेमबाजांनी रांगेत मागे उभं राहायचं का?

नेमका (धागाकर्ता)

पॉइंट टू टूच्या गोळ्या मिळत नाहीत ही ओरड जुनीच आहे. पण या वेळी आमच्या क्लबात डबे मोजून द्यायची पाळी आली आणि त्यावरून सदस्यांत चांगलीच जुंपली, म्हणून हा धागा.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत .२२ लाँग रायफल काडतूस लागतं. स्पर्धेच्या दर्जाचा माल जगात मोजकेच लोक बनवतात. इंग्लंडची एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, आणि नाव फिनिश असलं तरी .२२ जर्मनीत बनवणारी लापुआ. आपल्याकडे तो आयात होतो. परवानगी, ऑर्डर, जहाज, कस्टम्स, यात कुठेही घोडं अडलं की रेंजवर ठणठणाट. त्यात २०२२ पासून युक्रेन युद्धामुळे युरोपात तोफगोळ्यांच्या दारूची मागणी वाढली. तिचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज, आणि आपल्या काडतुसातही तोच. एकाच दारात सैन्य आणि आपण उभे राहिलो तर आधी कोणाला मिळणार हे सांगायला नको.

माझं मत असं की टंचाई असेतोवर आम्हा हौशी मंडळींनी .२२ वरचा हक्क आपणहून सोडावा. क्लबचा साठा राज्य स्पर्धा आणि नॅशनल्सच्या तयारीतल्या पोरांना द्यावा. आपण १० मीटर एअरवर (एअर रायफलवर) यावं आणि ड्राय, म्हणजे गोळी न भरता सराव, करावं. खरं सांगायचं तर रविवारी येऊन पन्नासाचा डबा उडवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यातल्या निम्म्या गोळ्या कशासाठी मारल्या हे सांगता येत नाही. टेन (मधलं दहा गुणांचं वर्तुळ) लागला की खूश, आठ लागला की वारा.

आणि ड्राय म्हणजे नुसतं टिक-टिक नव्हे. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघायचं, पोझिशन लावायची, श्वास सोडायचा, ट्रिगर तुटेल त्या क्षणी पुढच्या साइटची रिंग कुठे होती ते मनाशी बोलायचं आणि मगच कार्डाकडे बघायचं. क्लिकबरोबर रिंग उडाली तर चूक हाताची. खरी गोळी झाडताना धक्का आणि आवाज यांच्या आड हीच चूक लपते. गोळ्या मुबलक होत्या तेव्हा हे कोणी करत नव्हतं.

---

एरंडवण्याचा वाघोबा

त्याग करायचा तर स्वतःचा करावा, दुसऱ्याच्या वतीने जाहीर करू नये.

क्लबाचं वीजबिल कोण भरतं? इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा देखभाल खर्च कोणाच्या वर्गणीतून निघतो? नॅशनल्सच्या तयारीतली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि हौशी सदस्य शेकड्यांनी. वर्गणी पूर्ण घ्यायची आणि गोळ्या मागितल्या की "आपण जरा ड्राय करा", हा कुठला न्याय? उद्या जिमखान्यात सांगतील, शटल संपलीत, हवेत रॅकेट फिरवा.

समान वाटप करा. सगळ्यांना दोन डबे तर दोन डबे.

---

पन्हाळकर

वाघोबा, समान वाटप ऐकायला ग्वाड लागतंय, पण रेंजवर ते चालत नाही. मी पोरांना शिकवतो म्हणून सांगतो.

मॅचची गोळी म्हणजे नुसतं नाव आणि डबा नव्हे, लॉट नंबर, म्हणजे ती कुठल्या खेपेत बनली, ते महत्त्वाचं. .२२ मध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत, रिममध्ये भरलेला असतो. ओला मसाला फिरवून कडेत बसवायचा, तो सगळीकडे सारखा बसला तर वेग सारखा. म्हणून एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे चालतात. रायफल क्लॅम्पला लावून ५० मीटरवर दहा-दहाचे ग्रुप काढायचे. एक लॉट सगळ्या गोळ्या एका भोकात घालतो, दुसऱ्यात मधेच एखादी खाली सटकते. ५० मीटरवर रायफलचा टेन साडेदहा मिलिमीटरपेक्षाही लहान. तिथं ती सटकलेली गोळी म्हणजे पोराचा सिलेक्शनमधला नंबर गेला.

आता एका पोराच्या बॅरलला जुळलेला लॉट तुम्ही दोन-दोन डबे करून सगळ्या क्लबात वाटला तर काय हुईल? तुम्हाला फरक कळणार नाही. त्याचं वर्ष जाईल.

---

एरंडवण्याचा वाघोबा

@पन्हाळकर, लॉटचं मान्य. मग जुळलेला लॉट त्या पोराच्या नावाने बाजूला ठेवा, आणि उरलेला साधा माल आम्हाला द्या. धागाकर्ते तर म्हणतात .२२ ला हातच लावू नका. ते आणि तुम्ही एकच बोलत नाही आहात.

---

ज्युनिअरची आई

मुलगी ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) करते, त्यामुळे मी कोणत्या बाजूची हे उघड आहे. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. आता थ्री पोझिशनची पात्रता फेरी ६० गोळ्यांची आहे, प्रत्येक पोझिशनला २०. पूर्वी १२० होत्या. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं ते याच नव्या पद्धतीत. म्हणजे मॅचला आणि मॅचसारख्या सरावाला गोळ्या आधीच निम्म्या लागतात (साइटर, म्हणजे नेम जुळवायच्या न मोजलेल्या गोळ्या, वेगळ्या). तरी पोरांचे कोच जुन्या हिशेबाने रोज डबेच्या डबे मागतात. टंचाईचा सगळा भार हौशी लोकांवर टाकण्याआधी आमच्याकडचाही हिशेब तपासावा.

आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर भिंतीला कागद चिकटवलेला आहे आणि रोज संध्याकाळी नीलिंगचं होल्डिंग (गुडघ्यावर बसून रायफल स्थिर धरणं) चालतं. पाहुण्यांना वाटतं पोरगी देवाला गुडघे टेकून बसली आहे.

---

डॅलसकर

इथे अमेरिकेत ही मजा दोनदा बघितली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला. बंदुकांचे कायदे कडक होणार या भीतीने लोक दुकानांवर तुटून पडले, आणि सगळ्यात जास्त काळ गायब झाली ती साधी .२२. लोक दुकान उघडायच्या आधी रांगेत उभे राहत आणि एका गिऱ्हाइकाला एकच डबा मिळे. २०२० मध्ये कोविड आला, लाखो लोकांनी पहिल्यांदा बंदूक घेतली, आणि त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टनने दिवाळं जाहीर केलं. पुन्हा तेच.

माझा निष्कर्ष तुमच्या दोघांपेक्षा वेगळा आहे. माल कमी असतो त्यापेक्षा भीती जास्त असते. ज्याला महिन्याला दोन डबे लागतात तो दहा उचलतो आणि गॅरेजमध्ये रचतो. मोठ्या कॅलिबरची काडतुसं निदान घरी भरता येतात (इथे ते चालतं), पण रिमफायर (.२२ सारखी कडेत मसाला असलेली) एकदा झाडली की पितळेचा कचरा. २०२१ ला तर घरी भरणाऱ्यांनाही प्रायमर (दारू पेटवणाऱ्या टोप्या) मिळत नव्हते.

तेव्हा प्राधान्य कोणाला हे ठरवायच्या आधी साठा कोणाकडे किती आहे ते फळ्यावर लिहा.

---

कलमदान

डॅलसकर, भारतात गॅरेजमध्ये रचायची सोय नाही, हे एका अर्थी बरंच आहे. लायसन्सवर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं हे लिहिलेलं असतं. घरी काडतूस भरणं हा विनापरवाना करायचा उद्योग नव्हे, कोणी डोक्यात आणू नये.

अजून एक, कारण व्यनित (खासगी निरोपात) विचारणा झाली आहे: "माझ्या कोट्यातला डबा मित्राला दिला तर?" नाही. काडतूस बाळगायलाही लायसन्स लागतं आणि देण्याघेण्यावरही आर्म्स ॲक्टचं बंधन आहे. मित्र कितीही जिवलग असो. क्लबच्या रेंजवर क्लबच्या रायफलने क्लबची गोळी झाडणं वेगळं, डबा खिशात घालून घरी नेणं वेगळं.

गंमत म्हणजे फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नेमबाजांचा सरावाचा कोटा वाढवला. .२२ साठी १००० च्या जागी ५०००. कागदावर पाचपट झालं. डबा कुठून आणायचा ते अधिसूचनेत नाही.

---

बारा बोअर

रायफलवाल्यांचं रडगाणं ऐकून करमणूक झाली. ट्रॅपच्या (शॉटगनने उडत्या तबकड्या फोडायच्या प्रकाराच्या) पात्रता फेरीत १२५ तबकड्या, एकेका तबकडीला दोन बार मारायची मुभा. पहिला चुकला की दुसरा. एका मॅचचा हिशेब तुम्हीच करा. आणि आम्हाला एअरवर या म्हणायची सोय नाही, उडती तबकडी एअर रायफलच्या छर्र्याने फोडून दाखवा. आम्ही टंचाईत काय करतो? भिंतीच्या कडेवरून बंदूक फिरवत बसतो. शेजारी खिडक्या लावून घेतात.

---

सातपुडा

एक बाळबोध प्रश्न. पुण्यात खडकीला इंग्रजांच्या काळापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, आता तर म्युनिशन्स इंडिया या सरकारी दारूगोळा कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच. तरी आपण एका बारक्या काडतुसासाठी जर्मनीकडे डोळे लावून का बसायचं?

---

पन्हाळकर

@सातपुडा, प्रश्न बाळबोध नाही. सैन्याच्या काडतुसात आणि मॅचच्या रिमफायरमध्ये मशीनपासून फरक. सैन्याला लाखोंनी आणि हमखास पेटणारा माल लागतो, आपल्याला थोडाच पण जुळ्या भावंडांसारखा. त्या थोड्या मालासाठी वेगळी लाइन कोण टाकणार?

देशी .२२ मी वापरलीय. सुरुवातीच्या पोराला बोल्ट कसा लावायचा, आवाजाला डोळे मिटायचे नाहीत, स्लिंग किती ताणायची, एवढं शिकवायला चालते. ग्रुप मात्र पसरतो. आणि हौशी माणसाला तोच माल दिला तर काय बिघडलं असं मला प्रामाणिकपणे वाटतंय.

---

एरंडवण्याचा वाघोबा

म्हणजे आमच्या ताटात उरलंसुरलं. वा.

@नेमका, तुमच्या एअरच्या सल्ल्याबद्दल. १० मीटरवर बंद हॉलमध्ये वारा नसतो. .२२ ची सगळी गंमत ५० मीटरवर, वाऱ्याचं निशाण डावीकडून उजवीकडे वळलं की थांबायचं का साइटला दोन क्लिक द्यायचे, या निर्णयात आहे. ती एअरवर कशी शिकणार? वर्षभर .२२ ला हात नाही लावला तर जे शिकलोय तेही जाईल. शिवाय माझ्यासारख्या साठी उलटलेल्याला "टंचाई संपेपर्यंत थांबा" सांगणं जरा धाडसाचं आहे.

---

नेमका

वाऱ्याचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वारा वाचायला पन्नास गोळ्या लागत नाहीत. मी सध्या असं करतो: .२२ च्या लेनवर जाकीट घालून पडायचं, निशाणं बघत ड्राय मारायचे, आणि प्रत्येक क्लिकआधी वहीत लिहायचं की ही गोळी कुठे गेली असती. शेवटी दहाच खऱ्या गोळ्या. लाकडी ब्लॉकमध्ये दहाच उभ्या केल्या की माणूस आपोआप शहाणा होतो, बोटाला मेण लावणारी प्रत्येक गोळी दोनदा विचार करून चेंबरमध्ये जाते.

एअरबद्दल एवढंच, ५.५ मिलिमीटरच्या नऊच्या वर्तुळात अर्ध्या मिलिमीटरचा टेन आहे. बिंद्राचं २००८ चं सुवर्ण त्याच खेळातलं. तिकडे जाणं म्हणजे कोणी हद्दपार केलं असं नाही. एका .२२ गोळीच्या पैशात कितीतरी छर्रे येतात, आणि नियमातल्या शक्तीच्या मर्यादेतली .१७७ एअर रायफल घ्यायला लायसन्सची पायपीटही नाही.

ज्युनिअरच्या आई आणि डॅलसकर यांचं मिळून मी क्लबच्या सभेत मांडणार आहे: साठा फळ्यावर लिहायचा, जुळलेला लॉट नावाने बाजूला, आणि कोचनेही किती गोळ्या का हव्यात ते लेखी द्यायचं.

---

एरंडवण्याचा वाघोबा

आणि वर्गणी?

---

नेमका

हौशी सदस्यांना .२२ च्या लेनची फी निम्मी. तेही ठरावात घालतो. पण मग आठवड्यातला ड्रायचा एक तास सगळ्यांना सक्तीचा, नॅशनल्सवाल्यांनाही.

---

एरंडवण्याचा वाघोबा

निम्म्या फीपर्यंत मी तुमच्या बाजूने हात वर करणार होतो. सक्ती म्हणालात, आता माझं मत विरोधात धरा.