आयलंड पीक: बारा दिवस की सोळा?

कातळवेडा: ऑक्टोबरात नेपाळमधलं, एव्हरेस्टच्या भागातलं आयलंड पीक (६१८९ मी.) करायचं चाललंय. सह्याद्रीतले लिंगाणा, अलंग-मदन-कुलंग झालेत, दोराची सवय आहे. एका एजन्सीचा लुक्ला (चालायला सुरुवात होते ते गाव) ते लुक्ला बारा दिवसांचा प्लॅन आहे, दुसरीचा सोळा, पण बराच महाग. चार दिवसांसाठी एवढे पैसे घालावेत का?

हिमरेषा: घालाच. मुक्कामांची उंची मीटरमध्ये बघा: लुक्ला २८६०, नामचे ३४४०, दिंगबोचे ४४१०, छुकुंग ४७३०, बेस कॅम्प साधारण ५१००. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच करावा. बारा दिवसांत हे बसवलं तरी हवा बिघडली तर थांबायला दिवस उरत नाही. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतली माणसं या शिखरावर चढली, तीही विरळ हवेची सवय व्हावी म्हणूनच.

आणि लिंगाण्याचा दोर वेगळा हो! तिथे बोटं मोकळी असतात. इथे मध्यरात्रीनंतर निघायचं, पायात डबल बूट, खाली क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे लोखंडी दाते). शेवटच्या बर्फाच्या भिंतीवर प्रत्येक अँकरपाशी (दोर बर्फात पक्का केलेल्या जागी) आधी सेफ्टी कॅराबिनर (स्वतःला दोराशी जोडणारी कडी) पुढच्या दोरात, मगच जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) काढून पुढे लावायचा. हे जाड हातमोज्यांत, धाप लागलेली असताना आणि मागे रांग खोळंबलेली असताना. म्हणून आत्तापासून हातमोजे घालून सराव करा, अगदी डोळे मिटून.

गिरिजन७: डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेतलं तर बारा दिवसांत नाही का जमणार?

हिमरेषा: नाही. शरीराला जुळवून घ्यायला त्याची मदत होते, तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. पण डोकेदुखी वाढतच चालली, चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर गोळीच्या भरवशावर वर थांबायचं नाही. लगेच खाली उतरायचं.

सोनकी: इन्शुरन्सचे कागद नीट वाचा. बऱ्याच पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर किंवा दोर-क्रॅम्पॉन आले की लागू होत नाहीत. हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का, तेही बघा.

कातळवेडा: सोळावाल्यांशी बोलतो. त्यांना नेमकं काय विचारू?

हिमरेषा: शिखराच्या दिवशी एका क्लाइंबिंग शेर्पामागे किती जण? माझ्या मते दोनच्या वर नकोत. राखीव दिवस आहे का? बेस कॅम्पला जुमार आणि उतरायचा सराव घेतात का? आणि किती वाजता, कुठेही असलो तरी, मागे फिरवतात? या शेवटच्या प्रश्नाला ‘बघू तिथे’ असं उत्तर आलं, तर तिसरी एजन्सी शोधा.