"फक्त ५०० कार्डं, ३७ शिल्लक" म्हणूलालेत, घेऊ काय?

खानापूरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, उद्यमबागला कामाला आहे. आमच्या मावसभावानं मला एका टेलिग्राम ग्रुपात घेतलंय, तिथं गडकिल्ल्यांची डिजिटल कार्डं विकूलालेत, एनएफटी म्हणतात तसली. राजहंसगडाचं कार्ड ८ हजार, जगात फक्त ५००, त्यातली ३७ उरलेत आणि खाली लाल घड्याळ पळतंय, १४ मिनिटं, १३ मिनिटं असं. भाऊ म्हणतो आत्ता नाही घेतलंस तर उद्या २५ हजार दिलेस तरी मिळणार नाही. पगार परवाच झालाय, पैसे हातात आहेत खरं ते आईनं भाताच्या खताला बाजूला ठेवायला सांगितलेत. छातीत नुसती धडधड होतीय. कुणाला माहिती असेल तर लवकर सांगा.

अनगोळ_नाका
आधी फोन खाली ठेव आणि एक पाणी पी. मग तीच साइट ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत उघड आणि घड्याळ बघ. मी मागच्या वर्षी असल्याच एका ठिकाणी ११ हजार घातले, मला पण "शेवटचे ४०" दाखवत होते. पैसे गेल्यावर रात्री बायकोच्या फोनवर उघडून बघितलं तर घड्याळ परत १५ मिनिटांपासून सुरू आणि शिल्लक परत ४०. तीन दिवस बघत होतो, ४० चे ३९ झाले नाहीत. ते कार्ड अजून माझ्या वॉलेटमध्ये, म्हणजे असली कार्डं ठेवायच्या डिजिटल पाकिटात आहे, विकायला लावलं तर घेणारा एक माणूस नाही.

शहापूरची_अक्का
बाळा, मी साडीच्या दुकानात बसते. शेवटचा पीस म्हटलं की गिऱ्हाईक साडी हातातनं सोडत नाही, मग रंग आवडलेला नसला तरी, हे मी रोज डोळ्यानं बघते. खरं वडगावात मागावर एक साडी उतरायला दिवस जातात, विणकराचं अंग मोडतं, म्हणून ती कमी असते. तुझं ते कार्ड दुसरं काढायला त्यांना किती वेळ लागतो ते विचार त्यांना. आणि गडाचं नाव घालून विकतात ह्याचा मला फार राग आला. आपल्या पोरांचा जीव कशात गुंतलेला असतो ते त्यांना बरोबर ठाऊक आहे.

कोडवाला_टिळकवाडी
अक्का बरोबर बोलल्या. कार्डं ५००च, हे कुठं लिहिलंय ते बघायचं असतं. वेबसाइटवर लिहिलेलं काय बी कामाचं नाही, तो आकडा कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे कार्डं काढणाऱ्या प्रोग्राममध्ये असतो आणि तिथं मालकाला तो वाढवायची सोय ठेवलीय का हे बहुतेक वेळा कुणालाही वाचता येतं. खानापूरकर, कॉन्ट्रॅक्टचा पत्ता इथं टाक, मी बघून सांगतो.
आकडा पक्का असला तरी गोष्ट संपत नाही गा. बोअर्ड एप ही माकडांची चित्रं एप्रिल २०२१ मध्ये आली, १० हजार, ०.०८ इथरला (हे पण बिटकॉइनसारखं डिजिटल नाणं) एक. ते १० हजार तसेच राहिले, खरं ऑगस्टमध्ये त्याच कंपनीनं २० हजारांपर्यंत म्युटंट एप काढले. म्हणजे दिलेला शब्द मोडला नाही आणि माल तर वाढला.

निपाणी_७७
सगळ्यांनाच एका मापानं मोजू नका. बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर होणारच नाही, दर चार वर्षांनी नवीन नाणी निम्मी होतात, एप्रिल २०२४ ला ब्लॉकमागं, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागं, ६.२५ ची ३.१२५ झाली. कमी आहे म्हणूनच भाव आहे की.

कोडवाला_टिळकवाडी
निपाणीकर, बिटकॉइनचा आकडा एकटा मालक बदलू शकत नाही, जगभर ते सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी मान्य करावं लागतं, हे मी पण मानतो. खरं "कमी म्हणून भाव" हे पटत नाही. ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश फुटून निघालं, त्याची पण मर्यादा २ कोटी १० लाखच आहे, आणि भाव बिटकॉइनच्या जवळपास पण नाही. उलट डोजकॉइनला मर्यादाच नाही, दर ब्लॉकला १० हजार नवीन निघतात तरी लोक घेतातच. मागणी असली तर कमीपणाला किंमत. माझ्या घरामागच्या पेरूच्या झाडाला यंदा तीनच पेरू आलेत, म्हणून ते कुणी ८ हजाराला नेणार आहे काय?

खानापूरचा_पोरगा
दादा, पत्ता तुम्हाला मेसेज केलाय. आणि अनगोळच्या दादांनी सांगितलं तसं केलं, घड्याळ १५ पासून सुरू झालं, ३७ ते ३७च. अंगावर काटाच आला.

कोडवाला_टिळकवाडी
बघितलं. ५०० पैकी ३७ उरले म्हणजे ४६३ विकले असं ते सांगूलालेत, कॉन्ट्रॅक्टमध्ये निघालेली कार्डं फक्त ६१, त्यातली ४८ एकाच वॉलेटमध्ये. कमाल संख्या बदलायचं फंक्शन पण आहे आणि चावी मालकाकडं. त्या ४८ वाल्यानं आपल्याच दुसऱ्या वॉलेटला चढ्या भावानं विकल्यासारखं दाखवलंय, तोच २५ हजाराचा भाव तुझ्या भावाला दिसला असणार.
अजून एक, फायदा झालाच असता तरी आपल्याकडं एप्रिल २०२२ पासून असल्या व्यवहाराच्या नफ्यावर सरळ ३० टक्के टॅक्स आहे आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातनं वजा पण करता येत नाही. हे ग्रुपवाले कधीच सांगत नाहीत.

खानापूरचा_पोरगा
मी नाही घेतलं. भावाला हे सगळं दाखवलं तर तो गप्पच बसला, मग म्हणाला मी काल रात्रीच दोन घेतलीत, यूपीआयनं १६ हजार दिलेत. मावशीला अजून माहीत नाही. काही करता येईल काय?

अनगोळ_नाका
आत्ता लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला सांग, उद्यावर टाकू नका. पैसे पुढच्या खात्यातून हलायच्या आत कळलं तर अडवता येतात, मी आठ दिवस लाजेनं गप्प बसलो आणि तिथंच माझे गेले. यूपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, त्या घड्याळाचे आणि ग्रुपातल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, ग्रुप सोडू नका, सोडलात की जुने मेसेज कदाचित परत दिसणार नाहीत. बँकेला पण कळवा.

शहापूरची_अक्का
आणि मावशीला आजच सांगा रे. तू सोबत जा, त्याला एकट्याला पाठवू नको.