इंग्रजी साहित्य: व्याख्यान ऐकावे की कार्यशाळेत बसावे?

शनिवारपेठकर: माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले आणि बँकेच्या नोकरीत इंग्रजीचा संबंध पत्रव्यवहारापुरताच आला. निवृत्तीनंतर आता शेक्सपिअर नीट वाचावा असे मनात आहे. पुण्यात इंग्रजी साहित्यावर सर्वांसाठी खुली व्याख्यानेही होतात आणि सुट्टीच्या दिवशी वाचन-कार्यशाळाही. सुरुवात कोठून करावी? मागे एका व्याख्यानाला गेलो, तर दीड तासापैकी सव्वा तास लेखकाच्या चरित्रातच गेला आणि कविता शेवटी घाईने उरकली.

कोथरूडची वाचक: कार्यशाळेतूनच सुरुवात करा. आमच्या गटाने शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकाचा पहिला प्रवेश वाचला, तेव्हा दोन तास जवळजवळ एकाच शब्दावर गेले. माझ्यावर किती प्रेम आहे, असे राजा लिअर आपल्या मुलींना विचारतो आणि धाकटी कॉर्डेलिया ‘नथिंग’ एवढेच म्हणते. मग तोच शब्द दोघांच्या तोंडून पुन्हा पुन्हा येतो. मराठीत ‘काही नाही’ म्हणावे की ‘शून्य’, यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. पुढे विदूषक राजाला ‘आकड्याविना शून्य’ म्हणतो, तेथे ‘शून्य’ चपखल बसते. पण मुलीच्या तोंडी तो शब्द फार शहाणा वाटतो. हे व्याख्यानात उमगले नसते.

डेक्कनकर: व्याख्यानांना इतके कमी लेखू नये. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेने या शहराला ऐकण्याची सवय लावली आहे. शिवाय कादंबरीचे काय? जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ 1871-72 मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली; एवढा ऐवज कार्यशाळेत कसा मावणार? तिची गोष्ट 1832 च्या संसदीय सुधारणा कायद्याआधीच्या काळात घडते, आणि ती पार्श्वभूमी जाणकाराकडून तासभर ऐकली की निवडणुकीचे प्रसंग कळू लागतात. चरित्रात रमणारा वक्ता भेटला, तर मात्र मध्यंतरात उठून यावे.

कोथरूडची वाचक: कादंबरीबाबत मान्य. नाटकाचा मुद्दा वेगळा आहे.

शनिवारपेठकर: मग ‘लिअर’च घेतो. मूळ इंग्रजी झेपेल का, एवढीच धास्ती आहे.

कोथरूडची वाचक: विंदा करंदीकरांचा मराठी अनुवाद ‘राजा लिअर’ (1974) सोबत ठेवा, पण आधी मूळ प्रवेश घरी मोठ्याने वाचून या. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. अर्थ तेवढ्यात शोधू नका, गटात विचारा.