तळ्याकाठी पहिल्यांदाच एकटी, तेही सायकलवर: थरथरणारं हँडल आणि ओला तंबू

अर्धीचाकी:
पुढच्या शनिवारी निघतेय. तळ्यापर्यंत ४२ किलोमीटर, तंबूत एक रात्र, रविवारी परत. सायकल रोज चालवते. तंबूतही राहिलेय, पण कायम गोतावळ्यात. तंबू दुसरंच कुणीतरी लावायचं, मी दोरी धरून उभी.

परवा सगळं सामान बांधून सरावाला निघाले. उतारावर वेग ताशी ३० च्या पुढे गेला आणि हँडल लटलटायला लागलं. घट्ट धरलं तर आणखीनच! सगळं मागच्या कॅरियरवर आहे: दोन्ही बाजूंना कपडे, झोपायचं सामान, वर तंबू आणि त्याच्यावर ५ लिटरचा पाण्याचा कॅन.

रात्री तंबू अंगणात लावून झोपले. पाऊस नव्हता, तरी सकाळी कापड आतून ओलंचिंब. नवा कोरा तंबू, गळका निघाला का?

तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटतेय. रात्री भीती वाटते का हो?

गिअरवाले काका:
अगं, कॅन उतरव आधी! ५ लिटर म्हणजे ५ किलो, आणि तेही सगळ्यात उंचावर, सगळ्यात मागे. हँडल लटलटेल नाही तर काय. जड वस्तू बाजूच्या पिशव्यांत तळाला आणि जमेल तितक्या पुढे, म्हणजे तुझ्याकडच्या बाजूला. कपडे, स्लीपिंग बॅग असलं हलकं वर. पाणी फ्रेमवरच्या दोन बाटल्यांत. तळ्यावर जातेस ना, मग फिल्टर ने, घरून कॅन कशाला?

पुन्हा थरथरलं तर हात सैल सोड, फ्रेमची आडवी नळी दोन्ही गुडघ्यांत दाब आणि हळूहळू ब्रेक लाव. मागच्या टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, टायरवर लिहिलेल्या मर्यादेत. आणि कॅरियरचे स्क्रू निघण्याआधी आवळ, दर विश्रांतीला परत बघ. ओझ्याखाली ते हमखास ढिले होतात. मी एकदा चुकलो, तेव्हापासून सांगत सुटलोय.

ओलीसुकी:
तंबू गळका नाही, ती तुमच्याच श्वासातली वाफ आहे. निरभ्र रात्री कापड आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेहूनही गार पडतं. मग वाफ त्यावर थबकते. तळ्याकाठी तर हवा आधीच दमट, शिवाय गार हवा खोलगट जागी साचते. म्हणून अगदी काठावर नको. पाण्यापासून साठेक मीटर लांब आणि थोडं उंचावर लावा. प्राण्यांनाही पाण्यावर यायला वाट मोकळी राहते. झाडाखाली दव कमी पडतं, पण वर वाळकी फांदी नाही ना ते आधी बघा.

बाहेरचं कापड ताणून बांधा, आतल्याला टेकू देऊ नका. दोन्हीकडच्या झडपा उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी. ओले कपडे आत घेऊ नका. एवढं करूनही थोडं ओलं होणारच, पुसायला फडकं ठेवा.

निशाचर:
भीती वाटते. पहिल्या रात्री मी कानात बोळे घालून झोपलो होतो.

पाण्याबद्दल एक राहिलं. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर ते फिल्टर करूनही नको, उकळूनही नको. उकळल्याने जंतू मरतात, त्या शेवाळाचं विष जात नाही. पाणी चांगलं दिसत असेल तर फिल्टर करा, किंवा खळखळून एक मिनिट उकळा. घरून दोन बाटल्या भरून न्याच.

ओलीसुकी:
बोळे नकोत हो! आवाज ऐकू आला नाही की डोकं स्वतःच आवाज तयार करतं. त्यापेक्षा उजेडात पोचा, अंधार पडायच्या आत आजूबाजूला एक फेरी मारून या. आणि परत किती वाजता पोचणार ते घरी कुणाला तरी सांगून ठेवा.

अर्धीचाकी:
आले परत!

काका, हँडल अजिबात हललं नाही. पण ३० व्या किलोमीटरला खडखड सुरू झाली. बघते तर कॅरियरचा एक स्क्रू गायब. निघताना आवळला होता, मधल्या विश्रांतीत बघायचा कंटाळा केला. (माहितेय, बोलू नका.) मग बाटलीच्या स्टँडचा एक स्क्रू काढून लावून पाहिला, तर चपखल बसला. दोन्ही एम५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे! स्टँड चिकटपट्टीने बांधला आणि निघाले.

तळ्याकडे जाताना समोरून वारा. ४२ किलोमीटरला साडेचार तास लागले, तरी फेरी मारण्याइतका उजेड मिळाला. हिरवी साय नव्हती, फिल्टरचं पाणी प्यायले.

तंबू उंचवट्यावर लावला. सकाळी फडकं दोनदाच पिळलं, अंगणात निदान सहादा पिळावं लागलं असतं.

बोळे नेले नव्हते. रात्री दोनच्या सुमारास सायकलपाशी काहीतरी खसफस करत होतं. विजेरी हातात धरून बसले, तंबूचं दार काही उघडलं नाही. मग कधीतरी झोप लागली. सकाळी हँडलवर वाळत घातलेल्या दोन मोज्यांपैकी एकच जागेवर होता. दुसरा साठ पावलं शोधला, नाही सापडला.