इंग्रजी निरोपातला पूर्णविराम रागीट कधीपासून झाला?

मुद्रितशोधक:
काल हाताखालच्या मुलीला इंग्रजीत 'ओके.' एवढंच पाठवलं. तासाभराने ती विचारते, "सर, माझं काही चुकलं का?" चूक एवढीच, की ओकेपुढे मी टिंब दिलं होतं! म्हणे निरोपात पूर्णविराम म्हणजे राग. आळसाला 'भाषा बदलते' असं गोंडस नाव देणं आता पुरे.

शेंडेफळ:
काका, राग नसेल, पण तुटक वाटतंच. निरोप पाठवला की वाक्य संपलं हे कळतंच, तरी टिंब दिलं तर वाचणारा कारण शोधणारच. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या २०१५च्या अभ्यासात टिंबासकटची एकशब्दी उत्तरं लोकांना कमी मनापासूनची वाटली. तीच उत्तरं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दिली, तर काही फरक पडला नाही. आणि नियम तरी कुठले पाळायचे? टाइपरायटरवाले पूर्णविरामानंतर दोन स्पेस द्यायचे. २०२० पासून मायक्रोसॉफ्ट वर्ड त्यालाच चूक ठरवतं.

मुद्रितशोधक:
त्या दोन स्पेस मीही पुसतो, उगाच माझ्या गळ्यात मारू नकोस. ब्रिटनच्या वॉटरस्टोन्ससारख्या पुस्तकविक्रेत्यांनी २०१२मध्ये स्वतःच्या नावातली (Waterstone's मधली) अपॉस्ट्रॉफी काढली, तिचं काय? पुस्तकं विकणाऱ्यांनी तरी!

कलमकसाई:
चॅटमध्ये काय वाट्टेल ते करा, पण कायद्यात टिंबाटिंबाला पैसे पडतात. अमेरिकेत मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात, कोणत्या कामांना जादा पगार नाही याची यादी होती. शेवटी 'packing for shipment or distribution', आणि 'or'आधी स्वल्पविराम नाही. म्हणजे 'पाठवणीसाठी पॅकिंग' आणि 'वितरण' ही दोन कामं, की पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी नुसतं पॅकिंग? ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही वितरण करतो, पॅकिंग नाही. मग आम्ही यादीत नाहीच. २०१७मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पुढे ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. ऑक्सफर्ड कॉमाला, म्हणजे यादीतल्या शेवटच्या 'आणि' किंवा 'किंवा'आधीच्या स्वल्पविरामाला, फालतू म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

शेंडेफळ:
माझ्याच बाजूचा मुद्दा आहे हा. तिथे अर्थ बदलत होता. वॉटरस्टोन्सची अपॉस्ट्रॉफी गेली म्हणून कोणी दुकान चुकलं का?

कलमकसाई:
तेही खरं. बाय द वे, मेनने ते कलम नंतर सुधारलं, तेव्हा कॉमा वाढवला नाही. सगळ्या यादीत अर्धविराम ठोकले.

मुद्रितशोधक:
अर्धविरामाचं ऐकून बरं वाटलं. पण 'ओके'पुढे टिंब मी देणारच. पोरीलाच सवय होऊ दे.